वामनची बसकी गाडी

पुढचं उजवं चाक बाहेरच्या अंगाला आडवं पडलं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसली. आवाज काही मोठा झाला नाही. बैलबंडीचा आस मोडतो तेव्हा याहून जास्त आवाज होतो. वामननं स्टिअरिंग डावीकडं ओढलं, पण ज्यानं वळायचं ते चाकच राहिलं नव्हतं. गाडीनं रस्ता आडवा ओलांडला, नहराच्या पाळीवरून खाली उतरली आणि वामनच्या बाजूवर कलंडून पाण्यात पडली.

वामन माझा दीर. मागच्या सीटवर माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्याची बायको सुमित्रा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पुढं वामनच्या शेजारी माणूस नव्हता. त्या सीटवर धानाचा भरलेला कट्टा, म्हणजे पोतं, उभा ठेवला होता. सीटचा पट्टा त्याला पुरत नव्हता म्हणून दोरीनं बांधला होता. गाडी कलंडली तशी दोरी तुटली आणि कट्टा वामनच्या अंगावर गेला. मला फक्त त्याच्या शर्टाची पांढरी बाही दिसली. सुमित्रा जागी झाली आणि म्हणाली, "आलं का नागपूर?"

डिकीतही धानच होतं. दवाखान्यात जाणाऱ्या गाडीत धान कशाला भरलं होतं, असं पोलिसानं मला नंतर विचारलं. ते सांगायचं तर वामनपासून सुरुवात करावी लागली असती, आणि पोलिसाला तेवढा वेळ नव्हता. म्हणून इथं लिहिते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. जसं येतं तसं लिहिते.

वामन ड्रायव्हर होता. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास तुमसरच्या एका राइस मिलच्या सेठनं त्याला ट्रकवरून उतरवून आपल्या गाडीवर बसवलं. तेव्हापासून तो पांढरे कपडे घालू लागला. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. आमचं सिहोऱ्याचं घर, थोडी धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत अख्खं गाव गुडघ्याएवढ्या चिखलात आणि हा बांधावरून पांढरे कपडे सांभाळत चाललेला. माझा नवरा, त्याचा मोठा भाऊ, चिखलातून ओरडायचा, "हा बगळा कोनाच्या बांधीतला होय गा?" वामन मान वळवायचा नाही. शेताच्या कामाला तो कधीही उपयोगी पडला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगत होते, आता मागे का लपवू.

त्याला त्याचं एकच काम येत होतं आणि त्याचा त्याला गर्व होता. गाडीत बसलेल्या माणसाला झोप लागली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. सेठनं तुमसर सोडलं की डोळे मिटायचे आणि नागपूरला त्याला हाक मारून उठवावं लागायचं. "मंधातच जागे झाले म्हंजे माझं चुकलं," वामन म्हणायचा. "झोपवता नाही आलं तं तो ड्रायव्हर कायचा? तो हमाल." हॉर्न वाजवायचा नाही. गाडी चालवण्याआधी पोटभर जेवायचा नाही, भाजलेले चणे खायचा. जेवलं की पाय जड होतो आणि ब्रेक जोरात लागतो, असं त्याचं शास्त्र.

रस्त्यावरच्या खड्ड्यांना त्यानं नावं ठेवली होती. मोहाडीच्या पुढं एक होता, त्याचं नाव जावई. "वर्षातून एकदा त्याचे लाड होतात, भरते, अन पुन्हा तोंड वासून तयार." भंडाऱ्याच्या अलीकडच्या एकाचं नाव त्यानं माझ्यावरून ठेवलं होतं, वयनी. मी विचारलं, काहून रे? तर म्हणे, "बाजूनं गेलं तं काही करत नाही. पन अंगावर गेलं का मंग सोडत नाही."

सुमित्रा विड्या वळायची. तेंदूपत्त्याचं सूप मांडीवर घेऊन दिवसभर वाकलेली. पाठ दुखते म्हणाली तेव्हा सगळ्यांनी विड्यांनाच दोष दिला, मीसुद्धा. मग एक दिवस तिला उठता येईना. भंडाऱ्याहून नागपूरला पाठवलं. तिथं सांगितलं की हाडांच्या आतल्या मगजाचा कॅन्सर आहे. बरा होत नाही. सुया घेत राहिलं तर लांबतो. हाडं आतून पोकळ होत चालली आहेत, धक्का लागू देऊ नका. डॉक्टरनं हे सांगितलं आणि पुढची तारीख दिली. सिहोऱ्याहून नागपूरला धक्का न लागता कसं यायचं, ते त्यानं सांगितलं नाही. त्याचं ते कामही नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही तिला काळी-पिवळी जीपनं नेलं. तुमसरच्या अलीकडं जीप एका खड्ड्यात आदळली आणि सुमित्राची बरगडी मोडली. ती ओरडली नाही. "अवं बाई," एवढंच म्हणाली आणि माझं मनगट धरलं. वामन पुढं बसला होता. त्यानं वळून पाहिलं आणि त्याचं तोंड असं झालं की जणू गाडी तोच चालवत होता.

सेठ तोवर वारले होते. त्यांची काळी लांब परदेशी गाडी मिलच्या कोंड्याच्या शेडमध्ये पडून होती. ती गाडी लोखंडी स्प्रिंगवर उभी राहत नसे. चार चाकांवर चार रबराचे फुगे, त्यात एक छोटा पंप हवा भरायचा आणि गाडी हवेवर तरंगायची. सेठला झोप लागायची ती अर्धी वामनमुळं आणि अर्धी त्या फुग्यांमुळं. पण रबर म्हातारं झालं. फुगे चिरले, हवा राहीना, आणि गाडी पोट जमिनीला टेकवून बसली. सेठच्या पोरांनी उंच उंच नव्या गाड्या घेतल्या. वामननं मागितली, तर म्हणाले, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल.

ट्रॅक्टरनं ओढून आणली त्यानं. गाव पाहायला जमलं. अंगणात ती गाडी चारी पाय दुमडलेल्या म्हशीसारखी बसली. कोंड्यानं भरलेली, खाली कोंबडीनं घातलेली अंडी.

मी म्हटलं, "वामन, दावं कुठी बांधतोस? अन दूध किती देते हे?"

तो म्हणाला, "वयनी, हिच्यात सुमित्राले झोप लागन."

मी झाडू आणून आतला कोंडा काढायला लागले. हसणारे बाकी होतेच.

रात्री तो फुग्यांत हवा भरून ठेवायचा आणि रोज सकाळी उठला की तोंड धुण्याआधी, हवा किती उरली ते पाहायला, गाडीला एक चक्कर मारायचा. प्रत्येक चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून बोटं आडवी धरायचा. चार बोटं बसली तर चेहरा बरा. दोनच बसली तर त्या दिवशी त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. सुमित्रा खाटेवरून विचारायची, "किती बोटं?" तिला दुखण्याचं विचारलेलं आवडत नसे, पण गाडीचं ती रोज विचारायची.

तो नागपूरच्या मोठ्या शोरूममध्ये गेला. तिथल्या टायवाल्या माणसानं यंत्र लावून पाहिलं आणि चारही फुगे, पंप, चाक धरणारे खालचे हात, सांधे, सगळं बदलायला सांगितलं. जी किंमत सांगितली ती वामननं आम्हाला कधी सांगितली नाही. एवढंच सांगितलं की ऐकून त्यानं पाणी मागितलं. तो माणूस चांगल्या मनाचाच होता. म्हणाला, काका, ही गाडी आता ठेवण्यासारखी राहिली नाही, हिच्यावर खर्च करू नका.

वामन म्हणाला, "माझ्या बायकोबद्दल डॉक्टरही तसंच म्हंते, साहेब. मी दोघींलेही ठेवून राहिलो."

हे घरी येऊन त्यानं सुमित्रालाच सांगितलं, हसत. सुमित्रा म्हणाली, "मंग पयले कोन बसते ते पाहू."

तुमसरला कादर म्हणून एक मिस्त्री होता. टायर-पंक्चरचं दुकान आणि मागे कमानी-पाट्यांचं काम. ट्रकवरच्या दिवसांपासून वामनचा दोस्त. दोघं मिळून त्या गाडीच्या मागे लागले. आधी कादरनं फुग्यांना ट्रकच्या ट्यूबची गरम ठिगळं लावली. फुगा जिथं दुमडतो तिथंच चिरतो, आणि जिथं दुमडतो तिथं ठिगळ टिकत नाही. वामननं नागपूरच्या भंगार बाजारातून कोण्या दुसऱ्या गाडीचे जुने फुगे आणले. कादरनं ते दाबून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, ये तो दूसरे की बीमारी उठाके लाया तू." ते एका महिन्यात फुटले. मग पंपच जळाला. तेव्हा कादरनं प्रत्येक फुग्याला नळी जोडून तिच्या टोकाला सायकलसारखा व्हॉल्व्ह बसवला. पायानं दाबायच्या पंपानं हवा भरायची आणि हवा आहे तोवर चालायचं.

तसे आम्ही बऱ्याच वेळा गेलो. वामन चालवायचा, गाडी हळूहळू खाली यायची, मग तो बाजूला थांबायचा, उतरायचा, बाह्यांची बटणं सोडून त्या दुमडायचा आणि पंप मारायचा. एकदा मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी ऐन गर्दीत थांबावं लागलं. पांढऱ्या कपड्यातला माणूस पायानं पंप मारतो आहे आणि एवढी मोठी काळी गाडी एक एक कोपरा वर उचलते आहे, हे पाहायला बाजार गोळा झाला. मागच्या काचेतून एका भाजीवालीनं आत डोकावून पाहिलं. सुमित्रा डोळे मिटून आडवी होती.

भाजीवालीनं मला विचारलं, "बाई जिती आहे का गेली?"

सुमित्रा डोळे न उघडता म्हणाली, "जिती आहो. वांगे कसे देल्ले?"

भाजीवालीनं घाबरून वांगी तशीच खिडकीतून दिली. पैसे घेतले नाहीत. वामनला हा प्रसंग फार आवडायचा. पुढं तो ज्याला त्याला सांगायचा आणि प्रत्येक वेळी वांगी वाढायची.

पण तीही गत टिकली नाही. एका पावसाळ्यात परतीच्या वाटेवर पुढचे दोन्ही फुगे पाठोपाठ फाटले. कादर म्हणाला, आता हवेचं नाव काढू नको. लोखंड टाक. लहान मालवाहू गाडीचे जुने स्प्रिंग थोडे कापून, खाली वाट्या बसवून त्यानं चारही बाजूंना घातले. गाडी एकदाची उभी राहिली. सकाळची बोटं मोजणं संपलं. गावातल्या लोकांना वाटलं, झालं, जिंकला वामन.

गाडी कशी बसते ते पाहायला त्याच्याकडं एक माप होतं, ते म्हणजे माझे गुडघे. "वयनी, चला बसा." मला मागं बसवायचा, गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर एक चक्कर मारायचा आणि आरशातून विचारायचा, "काय म्हंते?" पहिल्या चक्करला मी म्हटलं, "वामन, याच्यापेक्षा रेंगीत बरी होती मी." रेंगी म्हणजे आमच्याकडची बैलाची छोटी गाडी. त्याला ते लागलं. त्यानं स्प्रिंगखाली टायरचं रबर घातलं, आणखी काय काय घातलं. थोडं मऊ झालं, पण ते लोखंड होतं. रिकाम्या गाडीत आम्ही तीन माणसं त्याला कळतही नव्हतो. त्यातून चारही स्प्रिंग एका गाडीचे मिळाले नव्हते. मागचं उजवं जास्तच कडक होतं. म्हणून सुमित्राचं डोकं नेहमी डाव्या बाजूला ठेवायचं, ही त्याची सक्त ताकीद. मी डावीकडं बसायचं, डोकं माझ्या मांडीवर, पाय उजवीकडं. एकदा मी उन्हामुळं बाजू बदलली तर त्यानं गाडी थांबवून मला खाली उतरवलं आणि पुन्हा डावीकडं बसवलं. "तुमाले ऊन लागते, तिले मनका आहे," म्हणाला.

त्या स्प्रिंगवर सुमित्रा एकदा नागपूरला जाऊन आली. सारा रस्ता ती गप्प होती. घरी आल्यावर मी तिचं लुगडं बदललं तर पदराच्या काठाला दातांनी पडलेली भोकं होती. मी ते लुगडं धुवायला टाकलं. वामननं ते दोरीवर वाळताना पाहिलं. बराच वेळ तो काठ हातात धरून उभा राहिला, जसा रोज चाकाजवळ उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या कोठीशी आला आणि म्हणाला, "वयनी, धानाचे कट्टे पायजे."

हे नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळं इथून झालं. आमच्याकडं बाळंतीण अडली की तिला बंडीतून न्यायचे, तेव्हा रिकाम्या बंडीत कधी न्यायचे नाहीत. रिकामी बंडी उडते. आधी खाली धानाचे कट्टे टाकायचे, त्यावर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरायचा, त्यावर बाई. भरलेली बंडी उडत नाही, डुलते. वामन स्वतः असाच झाला होता. माझी सासू सांगायची, तुमसरला नेताना वाटेत, धानाच्या कट्ट्यांवर. "एक हिसका नाही लागला मले," म्हणायची. आईची ती गोष्ट वामननं लहानपणापासून ऐकली होती. लोखंडी स्प्रिंगला वजन कळत नाही ना, मग वजन टाकू, असं त्यानं ठरवलं. मालवाहू गाडीचे स्प्रिंग, मालच मागणार.

डिकीत कट्टे टाकले. पुढचा भाग उचलला जाऊ नये म्हणून शेजारच्या सीटवर एक उभा केला, पायाशी एक आडवा. मला बसवलं. खडीच्या रस्त्यावर चक्कर मारली. आरशातून विचारलं, "काय म्हंते?"

माझे गुडघे काहीच म्हणत नव्हते. मी तसं सांगितलं. त्यानं गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

पुढच्या खेपेला सुमित्रा तुमसर येण्याआधीच झोपली. नागपूरला तिला हाक मारून उठवावं लागलं. दवाखान्याच्या फाटकात वामन गाडीतून उतरला तेव्हा तो जरा ऐटीतच चालला. सेठच्या वेळी चालायचा तसा.

त्यानंतर माझं धान नागपूर पाहून यायला लागलं. मी म्हणायची, "माझ्या धानानं जेवढं नागपूर पाह्यलं तेवढं मी नाही पाह्यलं." कट्ट्यांना उंदीर लागले, एकदा पाऊस गाडीत गळून वास सुटला, मी बडबड केली. सुमित्रा म्हणाली, "बाई, माझ्या तेरवीले तेच रांधा. दवाखान्याचं धान आहे, लवकर शिजन." बोलायला ती आधीपासून तशीच. दुखणं आलं म्हणून तिची जीभ काही पोकळ झाली नव्हती.

कादरला कट्ट्यांचं कळलं तेव्हा तो तुमसरहून घरी आला. गाडीखाली शिरला. बराच वेळ आत होता. बाहेर आला आणि वामनला म्हणाला, "स्प्रिंग उठा लेगा भाऊ, स्प्रिंग की बात नहीं. नीचे का घुटना नहीं उठाता."

चाक ज्या सांध्यावर वळतं त्याला तो घुटना म्हणायचा. गोल डोक्याचा लोखंडी खुंट, वाटीत बसवलेला. वाटी झिजली होती. शोरूममध्ये तो सांधा एकटा मिळत नाही, अख्खा हातच घ्यावा लागतो. कादरनं वाटीत वेल्डिंगनं लोखंड भरून ती लेथवर घासून दिली होती.

"मैंने भर के दिया, चलेगा," कादर म्हणाला. "खाली गाडी में चलेगा. कट्टे निकाल दे."

"कट्टे काढले तं ती झोपत नाही," वामन म्हणाला.

"अरे, झोप के लिए टाक रहा है क्या वजन?"

"मंग कायच्यासाठी, कादरभाई?"

कादरनं माझ्याकडं पाहिलं. कट्टे काढले तर तिची हाडं मोडणार. ठेवले तर गाडीचा सांधा मोडणार. नागपूरला जायचंच नाही, तर सुई नाही. यातली एकही वाट चांगली नव्हती आणि चौथी आम्हाला कोणाला दिसत नव्हती. सुमित्रा खाटेवरून सगळं ऐकत होती. म्हणाली, "कादरभाऊ, चाय घेऊन जाजा." तेवढ्यावर ते संपलं.

त्यानंतर वामन दर खेपेला निघण्याआधी लोखंडी सबल, म्हणजे पहार, घेऊन चाकाखाली घालायचा आणि सांधा हलवून पाहायचा. सेठच्या वेळी गाडीत आरशाखाली लिंबू-मिरची बांधायचा एक आकडा होता. आमच्यात ते बांधत नाहीत. वामननं त्या आकड्याला हवा मोजायचं माप लटकवलं होतं, फुगे गेल्यावरही काढलं नाही. सबल बाजूला ठेवून तो हात पुसायचा आणि म्हणायचा, "अजून आहे." सांधा केवढा उरला आहे, ते सांगायचा नाही. कादरकडं सांधा पुन्हा भरायला एकदा नेला, दोनदा नेला. दर वेळी भरलेली वाटी आधीपेक्षा कमी टिकली.

त्या दिवशीही त्यानं सबल घातली. मी शेजारी उभी होते. त्यानं दोनदा हलवून पाहिलं. "ही खेप झाली का भरून आनतो," म्हणाला आणि चणे खाल्ले. सकाळची वेळ होती. उन्हाळी धानासाठी त्याच आठवड्यात नहराला पाणी सोडलं होतं, रस्त्याच्या बाजूनं ते भरून चाललं होतं.

गाडी नहरात पडली तेव्हा बाजूच्या बांधीत बाया रोवणी करत होत्या, त्या धावत आल्या. गाडी उजव्या कुशीवर पडली होती, म्हणून डावा दरवाजा वर आला होता. तो उघडून त्यांनी आधी सुमित्राला काढलं. तिचे पाय पाण्यात गेले होते, डोकं वर होतं, माझ्या मांडीवर, डावीकडं. मग मला ओढलं. वामनला काढायला वेळ लागला. पाणी काही खोल नव्हतं, उभं राहिलं तर कमरेला लागेल एवढं. पण भिजलेला धानाचा कट्टा दोन माणसांनाही हलत नाही. शेवटी एकीनं विळ्यानं तो फाडला आणि धान पाण्यात वाहू दिलं. तेव्हा त्याचं तोंड दिसलं.

नागपूरच्या डॉक्टरनं सुमित्राच्या हाडांचे सगळे फोटो काढले. एकही हाड नवीन मोडलं नव्हतं. डॉक्टरनं ते दोनदा पाहिले.

कादर आला, अंगणात गाडी उभी राहायची तिथं बसला. "मैंने बोला था, भाभी," म्हणाला. मी म्हटलं, "हो, तू बोलला होता." तो रडला. मी चहा दिला. त्यानं घेतला नाही.

गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात नेऊन टाकली. डिकीतलं धान ओलं होतं, त्याला कोंब आले आणि फटीतून हिरवं बाहेर आलं, असं लोक येऊन सांगायचे. मी पाहायला गेले नाही. धान भिजलं की उगवतं, त्यात काय पाहायचं.

सुमित्रा आता नागपूरला जात नाही. मी दोनदा म्हटलं, रुग्णवाहिका येते फोन केला की. ती म्हणाली, "त्याच्यात मले झोप नाही लागत." खाटेवर पडून असते. सकाळी मी अंगण झाडते तेव्हा मोकळ्या जागेकडं पाहून कधी कधी विचारते, "किती बोटं?" मग मी झाडत राहते.

त्या सकाळी गाडीत पुढच्या बाजूनं बारीक आवाज येत होता. टक, टक. खड्डा नसतानाही. मी सांगायला तोंड उघडलं. वामनचा आरसा रस्त्याकडं कमी आणि सुमित्राकडं जास्त वळवलेला असायचा. त्यानं आरशातून पाहिलं, ती झोपलेली दिसली. मग माझ्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आवाज त्यालाही ऐकू येत होता. त्यानं गाडी आणखी हळू केली.

गाडीत आम्ही तिघं होतो. वाचलो आम्ही दोघी.